कुशाबाईच्या ओवीतला कान

संभाजीरावांचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते, आणि बापूसाहेब कोकऱ्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र टेबलावर पुस्तकांच्या थप्पीखाली होतं. अधूनमधून ते वर काढायचं, वाचायचं आणि पुन्हा खाली सरकवायचं. इंदापूरच्या कॉलेजात सारा जन्म ग्रंथपाल म्हणून काढलेल्या माणसाला कागद कुठं ठेवला म्हणजे दिसत नाही, हे चांगलं ठाऊक होतं.

पत्र साधं होतं. 'बापू, माझी शिष्या चोर निघाली. कळसच्या कुशाबाईची ओवी मी ध्वनिमुद्रित केली होती. तीच सुकन्यानं स्वतःची म्हणून पुण्याच्या संस्थेला दिली. पुरावा माझ्याकडं आहे: माझी गुप्त खूण तिच्या फाईलमध्ये निघाली. संस्थेला जाणत्या माणसाचं लेखी मत हवं. कुशाबाई तुझी चुलती, तू घरचा. दोन ओळी लिहून पाठव.'

दोन ओळी! ते दोन शब्द बापूसाहेबांच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले होते.

तरुणपणी दोघांनी बरोबरच ओव्या गोळा करायला सुरुवात केली होती. बापूसाहेबांच्या हातात वही, संभाजीरावांच्या खांद्यावर टेपरेकॉर्डर. वहीतल्या ओव्या वहीतच राहिल्या. टेपमधल्या ओव्यांना शाली मिळाल्या, नारळ मिळाले, बारामतीत मंडळ निघालं. सणसरच्या ऊसवाल्याचा मुलगा धनगरी ओवीचा अधिकारी झाला, आणि कळसच्या मेंढपाळाचा मुलगा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवू लागला. तेही रांगेच्या कडेला.

त्या सकाळी फोन आला नसता तर पत्र थप्पीखालीच राहिलं असतं.

"तात्या, मी सुकन्या. बावड्याची."

"बोल."

"संस्थेनं संग्रहातून माझं नाव काढलंय. तुमचं मत आलं नाही, तर या आठवड्यात सरांचं म्हणणं कायम धरणार. मग मला कुणी दारात उभं करणार नाही, तात्या. चोराला ओवी कोण म्हणून दाखवील?"

"तू चोरलीस का?"

"नाही."

"मग त्यांची खूण तुझ्या फाईलमध्ये कशी?"

"तेच कळत नाही," ती म्हणाली. "मी घातली नाही. मी दिलं तेव्हा ती नव्हती."

बापूसाहेबांनी फोन ठेवला. खरं सांगायचं तर या पोरीबद्दलही त्यांच्या मनात थोडी अढी होती. कुशाकाकूनं जन्मात कधी त्यांना ही ओवी म्हणून दाखवली नव्हती. अन् ही बावड्याची पोर गेली, चुलीपाशी बसली, आणि घेऊन आली!

तरीही त्यांनी पिशवी उचलली आणि बारामतीची एसटी धरली.

*

संभाजीरावांनी दारातच मिठी मारली. "आलास? मला वाटलं, तू पुस्तकातच मेलास."

त्यांच्या पत्नी विजयमालाबाई चहा घेऊन आल्या. "भावजी, तुम्हीच सांगा यांना काहीतरी. हल्ली दिवसभर त्या कॉम्प्युटरपुढं बसतात. डोळे चोळतात नि बसतात. या वयात शाळा काढलीय यांनी."

"पत्रं टाइप करतो," संभाजीराव हसले. "बाकीचं रविराज बघतो. रविराज, दाखव रे बापूला."

रविराज हा मंडळात सुकन्याबरोबरचा दुसरा कार्यकर्ता, जाड चष्म्याचा बारामतीकर तरुण. त्यानं लॅपटॉप उघडला. पडद्यावर निळसर लाटा दिसल्या.

"सर, हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. आवाज कापायला, जोडायला वापरतात. पण यात आवाजाचा नकाशाही दिसतो." त्यानं एक बटण दाबलं. लाटा गेल्या आणि काळ्या पडद्यावर उजळ ठिपक्यांचे पट्टे उमटले. "डावीकडून उजवीकडं वेळ. खाली खर्ज, वर बारीक सूर. आवाज जितका मोठा, तितका ठिपका उजळ."

"बरं."

"आता उलटं करायचं. एखादं चित्र घ्यायचं आणि त्याच्या ठिपक्यांचे सूर बनवायचे. ते अगदी वरच्या पट्टीत, हळू आवाजात मूळ गाण्यात मिसळायचे. ऐकणाऱ्याला वाटतं, मागं रातकिडा ओरडतोय. पण नकाशा उघडला की चित्र दिसतं."

"कल्पना माझी," संभाजीराव म्हणाले. "ओव्या पळवतात रे लोक. मग मी ठरवलं, खूण घालायची. कुशाबाईच्याच मेंढरांच्या कानाची खूण घेतली. शोभते की नाही?"

बापूसाहेबांना ती शोभली नाही. ती त्यांच्या आजोबांची खूण होती. पण ते काही बोलले नाहीत.

रविराजनं जुन्या फायली एकामागून एक उघडल्या. प्रत्येकीत गाणाऱ्या आवाजाच्या वर, अंधारात, एक मेंढीचा कान तरंगत होता. किडीनं पानाचा घास घ्यावा तशी त्याच्या कडेला खाच.

"सगळ्यांत हेच चित्र?"

"हेच, सर. मूळ चित्र माझ्या लॅपटॉपवर आहे. त्याचा आवाजाचा तुकडा एकदाच बनवून ठेवलाय. नवी फाईल आली की तो मिसळायचा. अर्ध्या मिनिटाचं काम."

"मिसळलेला तुकडा परत बाहेर काढता येतो?"

"दुधातली साखर काढता येते का? सहजासहजी नाही येत."

"आणि आता तिची फाईल."

रविराजनं फाईल लावली. खोलीत कुशाबाईचा चिरका, थकलेला आवाज भरला.

"माझ्या दोघा गं लेकांचं, एका खुणंचं मेंढरू
जीव हाय तवर माझा, नका दोन खुणा करू…"

बापूसाहेबांनी कप खाली ठेवला. म्हातारी जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांनी पडद्याकडं पाहिलं. तिथंही मेंढीचा कान होता. कड करवतीसारखी दातेरी दिसत होती.

"दिसला ना कान?" संभाजीराव म्हणाले. "आता काय राहिलं?"

"थोडं विचारू?"

"विचार की. तू कधीपासून फौजदार झालास?"

"तू हे कधी ध्वनिमुद्रित केलंस?"

"ती गेली त्याच्या आदल्या हिवाळ्यात. मेल्यावर कोण गातं?"

"आणि खूण कधी घातलीस?"

"त्याच दिवशी. बिनखुणेची फाईल माझ्या घरात रात्र काढत नाही, हे रविराजला विचार."

रविराजनं मान हलवली. "नियमच आहे सर. सगळ्या फायलींना मीच घालतो. ही एक घातल्याचं मला आठवत नाही, पण सर म्हणतात, त्या अर्थी घातली असेल."

"मग तुझी मूळ फाईल कुठंय?"

"पेन ड्राइव्ह कपाटातून गेला. हिच्याशिवाय कोण नेणार?"

"सुकन्याची फाईल पुण्याला कुणी पाठवली?"

"मंडळानं. तिनं पेन ड्राइव्ह इथं आणून दिला. काही दिवस या खणात होता, मग पाठवला."

"खणाला कुलूप?"

"घरात कसलं कुलूप, बापू?"

बापूसाहेबांनी खिशातून फोन काढला. "कुशाकाकू जिवंत होती तेव्हाच सुकन्यानं ही ओवी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली होती. एक शब्द अडला म्हणून. हिच्यात खूण आहे का बघ."

रविराजनं फाईल घेऊन नकाशा उघडला. वरची पट्टी काळीठिक्कर होती. कान नव्हता.

बापूसाहेब पुढं सरसावले. पण रविराज हसत होता.

"सर, याचा उपयोग नाही. फोनवरून पाठवताना फाईल दाबून लहान होते. त्यात वरचे बारीक सूर आधी जातात. असलेली खूणसुद्धा पुसली जाईल." त्यानं चष्मा वर सरकवला. "सुकन्याला हे माहीत असणार. हुशार आहे ती. सर पहिल्यापासून तिलाच पुढं करायचे."

शेवटच्या वाक्यातला विखार बापूसाहेबांनी लगेच ओळखला. तो त्यांच्या ओळखीचाच होता.

*

दुसऱ्या दिवशी ते कळसला गेले. ऊस तुटून गेलेल्या रानात कुशाबाईचा धाकटा मुलगा नागेश मेंढरं बसवून होता.

"या तात्या! वाट चुकला व्हय?"

"थोरला कुठंय?"

"गेला त्याची मेंढरं घेऊन घाटाखाली. आता त्याचं त्याला, माझं मला."

"वाटणी झाली?"

"आई जिती हुती तवर कुनाची टाप हुती? आई हाय तवर कळप एक, ही आपली रीतच हाय न्हवं? तेरावा झाला, मानसं बसली, मेंढरं वाटली." नागेशनं जवळची एक मेंढी पायाला धरून ओढली. "थोरल्याकडं बापाची खूण ऱ्हायली. आमी धाकलं. म्हनून बापाच्या खुणंशेजारी आनिक एक कातरली. ह्ये बघा."

बापूसाहेबांनी मेंढीचा कान हातात घेतला. कडेला एक खाच होती, आणि तिच्या शेजारी दुसरी.

त्यांनी कान सोडला नाही. मेंढीनं मान झटकली.

"आवं, सोडा की तिला. कान काय घरी न्हेताय?"

"नागेश, काकू असताना असल्या दोन खाचांची एक तरी मेंढी होती का?"

"असती तर आईनं मेंढरं हाकायच्या काठीनं मला झोडपला असता."

"वाटणीनंतर बारामतीचं कुणी आलं होतं?"

"समदीच येऊन गेली. संभाजीरावांनी फोटोला हार घातला. सुकन्याताई रडली. त्यो चष्मेवाला पोऱ्या बी आला हुता. अन् फोटू तर समद्यांनीच काढलं. आजकाल मानसापरीस मेंढीलाच भाव हाय."

*

परतीच्या एसटीत बापूसाहेब खिडकीशी बसले. ऊस मागं पळत होता. त्यांचं मन मात्र पुढं पळत होतं, आणि ते कुठं पळतंय हे पाहून त्यांनाच लाज वाटत होती.

खूण नंतर घातली गेली, एवढं नक्की. सुकन्या स्वतःच्या गळ्यात फास कशाला घालेल? म्हणजे रविराज किंवा संभाजी.

संभाजी! नुसत्या नावानं आत काहीतरी गोड झालं. शाली, नारळ, पहिल्या रांगेतल्या टाळ्या, सगळं एका कानावरून कोसळणार होतं.

हे खरं आहे म्हणून दिसतंय, की मला हवंय म्हणून? त्यांनी चष्मा पुसला. आपण कोण मोठे लागून गेलो? आजवर मनात आलेलं काही धड खरं निघालंय का?

म्हणून त्यांनी उलटं करायचं ठरवलं. संभाजी निर्दोष आहे असं धरायचं आणि रविराजला दोषी ठरवून पाहायचं. मत्सर आहे, खण उघडा आहे, हातात कला आहे. सगळं जमत होतं. निंबोडीचा फाटा मागं पडेपर्यंत सगळं जमत होतं.

मग एक गोष्ट जमेना. ती काही केल्या जमेना.

त्यांनी सुकन्याला फोन लावला. "उद्या बारामतीला ये. सरांच्या घरी."

*

संभाजीरावांच्या खोलीत सगळे जमले. सुकन्या दाराशी उभी होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. विजयमालाबाईंनी खुर्ची पुढं सरकवली.

"आणलंस मत?" संभाजीरावांनी विचारलं.

"आधी तोंडी सांगतो. चुकलं तर सांभाळून घ्या." बापूसाहेब लॅपटॉपजवळ बसले. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "रविराज, जुनी एखादी फाईल आणि सुकन्याची फाईल शेजारी शेजारी लाव."

पडद्यावर दोन कान उमटले.

"कानाच्या कडा मोजा."

कुणाला काही कळेना. मग रविराज पडद्याकडं झुकला. "जुन्यात एक खाच आहे. हिच्यात… दोन?"

"दोन. आम्हा धनगरांत कानाची खूण म्हणजे घराची सही. एक खाच माझ्या आजोबांची. दुसरी नागेशची. ती कातरली कुशाकाकूच्या तेराव्यानंतर, वाटणी झाल्यावर. ती जिवंत असताना अशी मेंढी जगात नव्हती. मग तिच्या जिवंतपणी, 'त्याच दिवशी' घातलेल्या खुणेत ती आली कशी?"

रविराजनं दोन्ही कान पडद्यावर मोठे करून पाहिले.

"गाण्यात ती हेच सांगतेय. 'नका दोन खुणा करू.' आणि त्याच गाण्याच्या डोक्यावर कुणीतरी दोन खुणांची मेंढी बांधली. हे चित्र ओवीपेक्षा नंतरचं आहे. सुकन्याचा पेन ड्राइव्ह या खणात होता तेव्हा ते आत गेलं. म्हणजे घालणारा या घरात वावरणारा."

रविराज ताडकन उठला. "सर, मी नाही! मला ती आवडत नाही, कबूल. पण मी नाही!"

"बस. काल एसटीत मी तुला चोर ठरवायची फार खटपट केली. जमलं नाही. तुझ्याकडं मूळ चित्र तयार आहे, त्याचा आवाजाचा तुकडाही आहे. अर्ध्या मिनिटाचं काम, तूच म्हणालास. तू केलं असतंस तर एक खाच उमटली असती आणि मी काही सिद्ध करू शकलो नसतो. नवं चित्र कुणाला लागेल? ज्याच्यापाशी जुनं नाही, जुन्या फायलीतून जे काढता येत नाही, आणि जो रविराजला मागू शकत नाही, त्याला. मागितलं तर रविराज विचारणार, कशाला? असा माणूस कळसला जातो, फोटोला हार घालतो आणि समोरच्या मेंढीच्या कानाचा फोटो काढतो. त्याला वाटतं, कान तो कान. मग घरी बसून, डोळे चोळत, फुकटच्या सॉफ्टवेअरवर त्याचा आवाज बनवायला शिकतो."

विजयमालाबाईंचा हात तोंडाशी गेला. "म्हणजे ती शाळा…"

"वहिनी, मला माफ करा."

संभाजीराव हसायला गेले, पण हसू उमटलं नाही. "बापू, तू पहिल्यापासून माझ्यावर जळतोस."

"हो," बापूसाहेब म्हणाले. "म्हणून तर दोनदा तपासलं. आता तू सांग. मी फोन लावतो, नागेशला विचार, दुसरी खाच कधीची. तो माझ्यावर उपकार करायला खोटं बोलणार नाही. कळपातली प्रत्येक मेंढी तेच सांगेल."

फोन टेबलावर पडून राहिला. संभाजीरावांनी त्याला हात लावला नाही.

"तुमचा पेन ड्राइव्ह चोरीला गेलाच नव्हता ना सर?" सुकन्यानं हळूच विचारलं. "कारण तो नव्हताच."

मग संभाजीराव बोलले, ते पडद्याकडं बघत. आवाजातला मंचावरचा तोरा गेला होता आणि सणसरची बोली वर आली होती.

"चाळीस वर्सं मी त्या बाईच्या मेंढरांच्या वाड्यावर जात हुतो. साखर न्हेली, चहापत्ती न्हेली, लुगडं न्हेलं. लई ओव्या दिल्या तिनं. पन मेंढरांच्या वाटणीची ओवी मागितली की म्हनायची, 'ती घरातली हाय, बाहेरच्याला न्हाय.' अन् ही पोरगी! हिला चुलीपाशी बसवून म्हनून दाखवली. मी ऐकली, तवा वाटलं, माझं समदं कपाट फुकाट गेलं." ते सुकन्याकडं वळले. "तुझं नाव संग्रहात येनार, अन् लोक म्हननार, संभाजीरावाला जी मिळाली न्हाय ती हिला मिळाली."

"मी मागितली नव्हती, सर," सुकन्या म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता. "मी नुसती भाकरी थापायला बसले होते. त्या आपणच गायला लागल्या."

"मला पत्र का लिहिलंस?" बापूसाहेबांनी विचारलं. "मी तर कळपातला."

"वाटलं, तू काय बघनार हायस? तू आजवर माझ्या कुठल्या गोष्टीला न्हाय म्हनलास?"

हे मात्र बापूसाहेबांना लागलं. कानाच्या खाचेइतकंच ते खरं होतं.

विजयमालाबाई उठल्या आणि सुकन्याच्या खांद्यावर हात ठेवला. रविराजनं कुणी न सांगता लॅपटॉप मिटला. नवऱ्याकडं न बघता बाई म्हणाल्या, "भावजी, काय लिहायचं ते लिहा. शब्द गिळू नका."

*

इंदापूरला परतल्यावर बापूसाहेब कागद घेऊन बसले. पहिला मजकूर चांगला लांब झाला. त्यात शाली होत्या, नारळ होते, पहिल्या रांगेची कड होती. वाचून त्यांना फार बरं वाटलं, म्हणूनच त्यांनी तो फाडला. दुसरा इतका सौम्य झाला की त्यात दोषी कोण हेच कळेना. तोही फाडला.

तिसऱ्यांदा त्यांनी लिहिलं:

'प्रिय संभाजी, उत्तराला उशीर झाला. ओवीचं ध्वनिमुद्रण सुकन्याचं आहे. त्यातली खूण कुशाकाकू गेल्यानंतरची आहे आणि ती तू घातलीस. कारणांसह हेच मत पुण्याला वेगळ्या पाकिटात पाठवत आहे. तू स्वतः लिहिलंस तर तेही तिथं पोचेल. आणि एक. ती ओवी काकूनं मलाही कधी म्हटली नव्हती. — बापू'

शेवटची ओळ ठेवावी की नाही, यावर ते बराच वेळ अडले. ठेवली.

पोस्टात गर्दी नव्हती. पुण्याचं पाकीट खिडकीतून पटकन गेलं. दुसरं पाकीट त्यांनी पुढं केलं. पलीकडच्या बाईंनी वजनासाठी हात लावला, पत्ता वाचला आणि वर पाहिलं.

"बारामती ना? पोच पाहिजे?"

"पाहिजे."

बाई थांबल्या. पाकिटाचं एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं अजून बापूसाहेबांच्या.

"तात्या," बाई म्हणाल्या, "सोडा की."

बापूसाहेबांनी सोडलं.